कोरे ब्रेक

गाडी थांबली, पण बुरूलने मनात धरलं होतं तिथे थांबली नाही. त्याच्या दोन हात पुढे, पांढऱ्या पट्ट्यांवर जाऊन थांबली, आणि पट्ट्यांवरून चाललेल्या बाईने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन बॉनेटवर सपकन थाप मारली. "डोळे घरी ठेवून आलीस का गं?" असं ओरडून, उत्तराची वाट न बघता ती पुढे गेली, पिशवीतून बाहेर आलेली शेपूची जुडी तिच्या प्रत्येक पावलाबरोबर मान हलवत होती. दिवा हिरवा झाला, मागच्यांनी भोंगे वाजवले, तरी बुरूल हलली नाही. थाप पत्र्यावर पडली होती आणि तिला ती छातीच्या हाडावर बसल्यासारखी वाटत होती. पाय अजून पेडलवर होता. पेडल फसलं नव्हतं. ते जायचं तितकं खाली गेलं होतं, गाडीलाही काय म्हणायचं आहे ते कळलं होतं, फक्त तिने ते मनावर घेतलं नव्हतं. सकाळीच तर नव्या डिस्क आणि नवे पॅड बसवून घेतले होते. नवी वस्तू जुन्या वस्तूपेक्षा कमी काम करते, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. चौक ओलांडून तिने गाडी कडेला घेतली आणि मिस्त्रीला फोन लावला. उलानच्या तोंडात घास होता.

"एजे, मी सांगत होतो तेव्हा तुम्ही पर्स शोधत होता," तो म्हणाला. तो सगळ्याच बायकांना एजे, म्हणजे ताई, म्हणायचा. आपल्यापेक्षा लहान असलेल्यांनाही. "कोरे आहेत ते. डिस्क कोरी, पॅड कोरे. अजून ओळखदेख नाही त्यांची. शहराबाहेर न्या. सत्तरपर्यंत वेग घ्या, मग चांगलं जोरात दाबा, माणूस चालतो तेवढा वेग उरला की सोडा. पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा वेग, पुन्हा दाबा. आठ-दहा वेळा. जळका वास आला की समजायचं, जमतंय. मग ब्रेक न लावता नुसती हिंडवा, निवू द्या."

"आणि मध्येच थांबले तर?"

"तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरलेत तर तेवढ्याच जागी त्याचा थर चिकटतो. मग प्रत्येक वेळी पेडल थरथरणार आणि तुम्ही मला शिव्या देणार. उद्या घाट उतरायचाय ना? मग आजच करा. आणि एजे, कुरवाळत बसू नका. दाबा."

त्या गाडीला वर्षभर कुणी हात लावला नव्हता. तिचा नवरा तालाय गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची आई अंगणात आली, तिने गाडीच्या आरशाला काळी फीत बांधली आणि सांगितलं, आता वर्ष भरेपर्यंत हिच्यात कुणी बसायचं नाही. आपांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, माहेरी, वर डोंगरात, घरचा पुरुष गेला की त्याच्या घोड्याची शेपटी आणि आयाळ कापून त्याला मोकळा सोडत. वर्षभर त्याच्यावर खोगीर चढत नसे, आणि वर्षाच्या जेवणाला, आशला, तो कापला जाई. तालायला घोडा नव्हता. इथल्या गाड्यांसारखं डावीकडे नाही, उजव्या हाताला स्टीअरिंग असलेली ही जुनी जपानी गाडी होती. त्या दिवशी अंगणात पुष्कळ माणसं होती, त्यातलं कुणीही हसलं नाही. बुरूललाही हसू आलं नाही, उलट बरं वाटलं होतं, की घरात एकाला तरी काय करायचं ते ठाऊक आहे. पण मोकळा सोडलेला घोडा चरतो, लोळतो, थंडीत दुसऱ्या घोड्यांना जाऊन चिकटतो. गाडी उभी केली तिथेच उभी राहते. बर्फ वितळून चाकांत शिरतो आणि लोखंड आपलं काम करत राहतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला पुढचं चाक दिसे. चाकाच्या आऱ्यांमागचा रंग आधी पातळ चहासारखा होता, मग विटेसारखा झाला, मग काळपट. ती रोज बघत होती आणि रोज तिला वाटायचं की आपांना सांगावं, आठवड्यातून एकदा नुसती पुढे-मागे केली तरी पुरे. ते सांगण्यासाठी तोंडातून तालायचं नाव घ्यावं लागलं नसतं, तरीही सांगितलं नाही. काल उलानने चाकं उतरवली तेव्हा पॅड वर्षभर ज्या जागी डिस्कला धरून बसले होते तिथे त्यांच्याच आकाराचे खड्डे पडलेले होते. "मिठी मारून मेलेत बघा," उलान म्हणाला, आणि मग गाडी कुणाची होती ते आठवून हात पुसायला लागला. बुरूलने अंगठा त्या खड्ड्यावरून फिरवला. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. केसाएवढा उंचसखलपणा तिच्या अंगठ्याला कळतो. इथे अंगठ्याची गरजच नव्हती.

शहर मागे पडलं. पूर्वेकडचा रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना पॉप्लरची रांग, पलीकडे बिटाची शेतं. मागे आरशात डोंगर होते, उद्याचे. त्यांच्याकडे बघताना तिला जेनिशचा आवाज ऐकू आला. जेनिश तिचा दीर, तालायच्या पाठचा, तालासला गावच्या घरी राहतो, आणि आश तिथेच होणार होती. गेल्या आठवड्यात त्याने फोनवर सगळं मांडून ठेवलं होतं: आदल्या दिवशी बसने येईन, सकाळी आपांना घेऊन निघू. "बोगद्यापर्यंत हवं तर तुम्ही चालवा, जेंगे," म्हणजे वहिनी. "चढच आहे तो. पलीकडचा उतार मी घेतो. तिथे कामाच्या नाहीत नव्या हातांच्या गमती." आणि मग, त्याच सुरात: "आश झाली की गाडी इकडेच राहू दे. दादाची वस्तू दादाच्या अंगणात. तुम्हाला काय, दारात बस थांबते." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. जेनिश कुणाकडून काहीही घेताना त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरवून घेतल्यासारखं घेतो, आणि समोरचा नकळत आभार मानून मोकळा होतो. आपा दिवाणावर लोकरीचा गुंडा करत बसल्या होत्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि त्या हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. बुरूल "बघू" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, "बघू" म्हणजे जेनिशच्या हिशेबी हो. आणि आणखी एक लक्षात आलं, तेही त्याच क्षणी, चहा गाळताना: ही गाडी तिला हवी होती. नुसती राहावी असं नव्हे, हवी होती. का, ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. दुकानात जायला खरोखरच बस होती.

तिने वेग घेतला. काटा साठच्या पुढे सरकला, सत्तरला टेकला. दाबा. तिने दाबलं आणि तिला कळलं की पाय दाबत नाहीये, विचारतोय. गाडी समजूतदारपणे मंदावली, तालायच्या वेळी मंदावायची तशी. रविवारी मोकळ्या रस्त्यावर त्याने तिला शिकवलं होतं. पुढच्या काचेखाली चहाचा वाडगा काठोकाठ भरून ठेवायचा आणि म्हणायचा, थेंब सांडला नाही पाहिजे. पेडल दाबायचं नसतं, कुरवाळायचं असतं. थेंब सांडला की रागवायचा नाही, नुसता वाडग्याकडे बघायचा. मग ती लांबूनच सगळं ओळखायला शिकली, दिवा लाल होणार आहे, पुढची गाडी वळणार आहे, आपांना आज चहा गोड झालेला चालणार नाही, तालाय आज जेवताना बोलणार नाही. आणि लांबूनच पाय हळूहळू ठेवू लागली. परवाना मिळाला, मित्रमंडळींत तालाय म्हणायचा, हिच्या गाडीत झोप लागते. त्यानंतर ती त्या सीटवर बसल्याचं तिला फारसं आठवत नव्हतं. वाईट काही घडलं नव्हतं. दोघं बाहेर निघाली की किल्ली त्याच्या खिशात असे, एवढंच.

दुसऱ्या वेळी तिने दाबलं. गाडीचं नाक खाली गेलं, पट्टा खांद्यात रुतला, मागच्या सीटवरची रिकामी बादली धडपडत खाली आली. वेग माणसाच्या चालीवर आला तेव्हा तिने पाय काढला. आणि नेमकी त्याच वेळी रस्त्याकडेला टोमॅटो विकत बसलेली एक बाई उठून धावत आली. तिच्याबरोबर सैनिकी टोपी घातलेला एक माणूसही धावला. या रस्त्यावर मंदावलेली गाडी म्हणजे भाड्याची गाडी, दुसरं कारण असूच शकत नाही. "तोक्मोक?" माणसाने विचारलं. त्याला वाटलं होतं त्याच्या बाजूला रिकामी सीट असेल. गाडीचं स्टीअरिंग उलट्या बाजूला, त्यामुळे त्याच्यासमोर खुद्द बुरूलचंच तोंड आलं. ती मानेनेच नाही म्हणाली आणि वेग घेतला. मागून तो ओरडला, "मग मंदावतेस कशाला, तोंड दाखवायला?" तिला हसू आलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. एक शाळामास्तरासारखा दिसणारा गृहस्थ आणि त्याची बायको हात वर करून चालत्या गाडीबरोबर दहा पावलं आले आणि मागे राहिले. प्रत्येक खेपेला ती कुणालातरी आशा लावून पुढे जात होती. आणि प्रत्येक खेपेला पेडल थोडं वेगळं लागत होतं. आधी गुळगुळीत काचेवर गुळगुळीत काच फिरवावी तसं होतं. आता त्यात कण आला होता, पकड आली होती. दुकानात नवा चष्मा नाकावर ठेवून गिऱ्हाईक म्हणतं, जमीन तिरकी दिसते हो. ती सांगते, आठवडाभर काढू नका, बसेल. आपण हे किती बेफिकिरीने सांगतो, असं तिला वाटलं. आठवडाभर तिरक्या जमिनीवर तो माणूस चालतो कसा, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

पाचव्या की सहाव्या वेळी मागचं दार उघडलं. ती दचकेपर्यंत एक म्हातारा चालत्या गाडीत चढून बसलाही होता, दार लावून घेतलं होतं आणि मांडीवर हात ठेवून खोकत होता. पांढरी दाढी, डोक्यावर नवा कोरा कल्पाक, नमद्याची उंच टोपी, कोटाच्या खिशावर पदक.

"देव तुझं भलं करो, पोरी. ती पुढची वाडी. व्याह्यांकडे लग्न आहे, बिस्मिल्ला म्हणायला माझीच वाट बघतायत. मांस निवत असेल."

"अता," वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं ती म्हणाली, "मी भाडं घेत नाहीये. मला थांबता येत नाही."

"मी कुठे थांब म्हटलं? चालव."

पांढऱ्या दाढीला गाडीतून उतरवणं तिच्याच्याने होणं शक्य नव्हतं, आणि उतरवायला थांबावं लागलं असतं. जळका वास आता गाडीत शिरला होता. तिने वेग घेतला, दाबलं, आणि म्हाताऱ्याचा कल्पाक पुढच्या सीटवर आदळून त्याच्या डोळ्यांवर आला.

"अगं ए! कोंबडी आली का मध्ये?"

"नाही अता. ब्रेक नवे आहेत. रुळवतेय."

"मग माझ्यावर रुळवू नकोस." त्याने कल्पाक नीट केला. ती पुन्हा वेग घेऊ लागली तसे त्याने दोन्ही हात सीटला लावले. "शिंगराला पहिल्यांदा लगाम घालतात तेव्हा ते असंच करतं. पण शिंगराला निदान तोंड असतं, शिव्या तरी देता येतात. नवऱ्याने दिला का हा उद्योग?"

"नवरा वारला."

म्हाताऱ्याने हात पसरले, पुटपुटला, तळवे चेहऱ्यावरून फिरवले. तिचे हात स्टीअरिंगवर होते. तिने नुसती मान खाली केली, आणि त्याच वेळी पाय दाबला, कारण वेग सत्तरला आला होता. या खेपेस तो तयार होता. मग त्याने सगळं काढून घेतलं, कधी वारला, गाव कुठलं, गाडीला गंज कसा चढला. आपांनी गाडीला वर्षभर सुतक पाळायला लावलं हे ऐकल्यावर तो इतका हसला की खोकला आला.

"शेपटी कापली का हिची?"

"फीत बांधली होती." तिलाही हसू फुटलं. वर्षात पहिल्यांदाच त्या फितीचं हसू येत होतं आणि ते परक्या माणसापुढे, म्हणून आलं असावं.

"आमच्या आजीच्या वेळी," म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "तळ हलला की तो घोडा विधवा बाई चालवायची. पुढे. सगळ्या काफिल्याच्या पुढे."

"बसून?"

"छे! लगाम धरून, पायी." त्याने कल्पाक मागे सारला. "रडत."

तिला वाटलं, हे जेनिशला सांगितलं तर तो म्हणेल, बघा, पायी. म्हाताऱ्यांच्या आठवणी अशाच, ज्याला जे हवं ते त्यात सापडतं. म्हाताऱ्याने खिडकीची काच वरखाली करून पाहिली, सीटचं कापड चिमटीत धरलं आणि विचारलं, "मग आता गाडी कुणाची?"

"माझी," बुरूल म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिने आरशात पाहिलं, आपण कुणाला ऐकू गेलो का ते. म्हाताऱ्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. तो बाहेर बघत होता.

"ते बघ, तो निळा दरवाजा. थांब."

"अता, तापलेत. थांबले तर डाग पडेल. अर्धा तास हिंडून परत आणून सोडते."

"अर्ध्या तासात हाडं उरतील, पोरी. हळू कर. घोड्यावरून उतरता येतं, यावरून नाही का येणार?" आणि तिने वेग माणसाच्या चालीवर आणला तसा तो दार उघडून, एक पाय आधी खाली सोडून, गाडीबरोबर चार पावलं धावत खरोखर उतरला, कल्पाक एका हाताने धरलेला. दरवाजात उभ्या असलेल्या माणसांनी आरडाओरडा केला. आरशात तिला तो दिसला, सगळ्यांच्या मधोमध, हात हलवून बहुधा तिच्याबद्दलच सांगत असलेला. ती तशीच पुढे गेली. बिटाच्या शेतांमधून, ब्रेकला पाय न लावता, वास विरेपर्यंत हिंडली.

घरी जेनिश आलेला होता. त्याने गाडीभोवती फेरी मारली, चाकाच्या आऱ्यांतून आत पाहिलं, डिस्कवर एकसारखी निळसर राखाडी झाक होती. एका चौकापर्यंत चालवून आला आणि खूश झाला. "छान लागतात. उलानला म्हणावं, शाबास," तो म्हणाला आणि किल्ली आपल्या खिशात टाकली. त्याला बहुधा कळलंही नाही. बुरूलला कळलं, आणि आपण दिवसभर काय करून ठेवलं तेही कळलं: चालत नसलेली गाडी तिच्या अंगणात उभी राहिली असती, चालती केली म्हणून आता जाणार होती. सकाळी निघताना तिने हात पुढे केला. "बोगद्यापर्यंत मी, म्हणाला होतास." जेनिशने आठवल्यासारखं करून किल्ली दिली. आपा मागे बसल्या, मांडीवर तालायच्या कोटाचं गाठोडं, तो आशला कुणालातरी द्यायचा होता. जेनिश त्यांच्या शेजारी बसला.

घाट सुरू झाला. तोओ-आशूचा रस्ता वळत वळत वर जातो आणि प्रत्येक वळणावर इंजिनाचा आवाज जाड होतो. वर बोगदा आला. आत धूर, पाणी टपकणारं छत, समोरून येणाऱ्या ट्रकांचे पिवळे दिवे. बाहेर पडल्यावर एकदम उजेड अंगावर आला आणि खाली सगळं सुसामीरचं पठार, वाळलेल्या गवताच्या रंगाचं. थंड हवा. उजव्या हाताला गाड्या थांबण्याची जागा होती, तिथे दोन ट्रकवाले किटलीतून चहा ओतत होते.

"घ्या इथे कडेला," जेनिश म्हणाला. "आता मी घेतो."

तिने वेग कमी केला. पेडल पायाखाली आज्ञेत होतं, ना झटका, ना रेंगाळणं. गाडी माणसाच्या चालीवर आली. तिने आरशात पाहिलं. आपांचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड उघडं होतं, आणि त्या झोपल्या होत्या. वर्षभरात बुरूलने त्यांना झोपलेलं पाहिलं नव्हतं. भिंतीपलीकडे त्यांच्या माळेचा, कुशी बदलण्याचा, पाणी पिण्याचा आवाज ऐकता ऐकता तीच झोपायची. म्हाताऱ्या बाईच्या झोपेला आवाज नव्हता. कोटाचं गाठोडं नुसतं वरखाली होत होतं. गाडी थांबली, दारं उघडली, थंडी आत आली की ही झोप मोडणार, हे तिने लांबूनच ओळखलं, जसं ती सगळं ओळखत आली होती. पण आता ओळखून पाय मागे घ्यायचा नव्हता. तिने तो ब्रेकवरून काढला, गियर खालचा टाकला आणि ट्रकवाल्यांची जागा मागे गेली.

"जेंगे, थांबवा म्हटलं ना."

"हळू बोल. आपा झोपल्यात."

जेनिशने आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पहिलं वळण आलं. बुरूलने वळणाआधी दाबलं, सोडलं, वळली, पुन्हा वेग धरला. दुसरं वळण. खाली एक कळप रस्ता ओलांडत होता, तिने त्याला लांबून पाहिलं आणि जवळ जाऊन, जितकं हवं होतं तितकंच दाबलं. मेंढ्या गेल्या. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटत असूनही हात-पाय आपापलं काम करत होते, हे तिला परक्याचं कौतुक बघावं तसं दिसत होतं. जेनिशने बूट काढले. मग आपलं जाकीट काढून आईच्या गुडघ्यांवर घातलं. पिशवीतून रोटी काढली, मोडली, आणि पहिला तुकडा मधून हात घालून पुढे धरला, गाडी चालवणाऱ्याला देतात तसा. तिने एका हाताने घेतला. कोरडा होता, ती तो सावकाश चावत राहिली.

उतार संपत आला, पठाराचा सरळ रस्ता दिसू लागला, तेव्हा जेनिश पुन्हा बोलला, कुजबुजत.

"परत जाताना आमच्या गावच्या पंपावर पेट्रोल भरू नका, जेंगे. पाणी घालतात लेकाचे. थोडं पुढे जाऊन भरा."